दुबईत माझ्या पोटात दुखलं, आणि त्यावर सुया टोचून घेतल्या

सरळच सांगते, मी दुबईला उंच इमारती बघायला गेले नव्हते. मी एका बाईला बघायला गेले होते. घरी अर्थातच कारण वेगळं दिलं. बहिणीकडे जाऊन बरीच वर्षं झाली, भाची मोठी होतेय, थंडीत तिकडे हवा छान असते, वगैरे. आमच्या ह्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "त्या चिनी डॉक्टरणीला बघायला चाललीयस, दुसरं काय!" तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला एकदाही सुखानं खोटं बोलू दिलेलं नाही.

आधी ती भानगड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. अश्विनी माझी धाकटी बहीण. लहानपणापासून घाबरट. परीक्षा असो, लिफ्ट असो, नवऱ्याला घरी यायला उशीर होवो, हिच्या छातीत धडधड सुरू, हातपाय गार, आणि मग मला फोन: "ताई, माझा जीव घाबरा होतोय गं." मी म्हणायची, "काही होत नाही, मी आहे ना." माझं नाशकात मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. थरथरणाऱ्या माणसांना "काही होत नाही, क्लच हळू सोडा" म्हणणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा अशूला शांत करणं हे माझं हक्काचं काम होतं. आणि गेल्या वर्षभरात ते फोन कमी होत होत बंदच पडले. मी केला की म्हणायची, "मी एकदम मस्त आहे ताई. लिनकडे जातेय ना. लिन म्हणते, गरम पाणी पी. लिन म्हणते, उशिरा जेवू नको." मी तिला वीस वर्षं उशिरा जेवू नको म्हणून ओरडत होते, तेव्हा कानात कापूस होता का?

"तिला बरं वाटतंय ना, मग तुझं काय जातं?" हे म्हणाले. काय जातं! मी बॅग भरायला घेतली.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, उन्हाळ्यात भाजून निघाल. नाशिकहून गाडीनं मुंबई विमानतळ, तिथून विमान तीन तासांचं. पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो. अशूच्या नवऱ्यानं, निनादनं, तिकडूनच करून पाठवला. तोच न्यायला आला. तो जबल अली बंदरावर लॉजिस्टिक्समध्ये आहे, आणि गाडीत बसल्यापासून फोनवर कोणाला तरी "यल्ला हबीबी, कंटेनर आज निकलना चाहिए" असं सांगत होता. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे मी पुढे बसले ती आपल्याकडच्या ड्रायव्हरच्या जागी, पण समोर स्टिअरिंग नाही! बारा लेनचा रस्ता, एकशेवीसची स्पीड, आणि मी विमानतळापासून घरापर्यंत पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत गेले. उतरताना पोटऱ्या दुखत होत्या.

अशूचं घर जुमेरा लेक टॉवर्समध्ये, तिकडे त्याला जेएलटी म्हणतात, एकतिसाव्या मजल्यावर. खाली तळं, पलीकडे मरीना, आणि इमारतींच्या फटीतून समुद्राची एक निळी पट्टी. स्वयंपाकघर माझ्या ऑफिसएवढं. ओट्यावर काही म्हणजे काही नाही, पुसून लख्ख. ह्याच पोरीच्या कपाटातून मी एके काळी ओले टॉवेल काढलेत. तीही कशी, तर शांत. लिफ्टनं एकतीस मजले गप्पा मारत आली. मी आत शिरल्यावर तिनं मला मिठी मारली, गरम पाण्याचा ग्लास हातात दिला आणि म्हणाली, "लिन म्हणते, प्रवासातून आल्यावर थंड प्यायचं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण पहिलाच दिवस, मी हसले.

दुसऱ्या दिवशी अशू ऑफिसला गेली. भाचीला, इराला, शाळेची सुट्टी होती, तिच्याबरोबर मी तळ्याभोवती फिरून आले. इरा बारा वर्षांची, जन्म दुबईचा. मराठी समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मी म्हणाले, "इरा, भूक लागली का?" ती म्हणाली, "नॉट रिअली, मावशी, बट आय कॅन ईट." मग कोपऱ्यावरच्या केरळी हॉटेलात पराठा आणि कडक चहा घेतला. दोघींचं बारा दिरहममध्ये झालं, म्हणजे आपले पावणेतीनशे. दुबईत स्वस्त खायचं असेल तर मॉलच्या वाटेला जाऊ नका, अशा टपरीवजा हॉटेलांत घुसा.

घरी येऊन मी गॅलरीतून वैशालीला फोन लावला. वैशाली माझ्या स्कूलमध्ये दुसरी गाडी शिकवते आणि माझं सगळं ऐकून घेते. तिला म्हटलं, "अगं, काय घर आहे! मी पाऊल टाकल्यापासून माझ्या पोटात दुखतंय. आणि ती चिनी बाई! ऊठसूट तिचं कौतुक. ते ऐकून तर फारच दुखायला लागतं." वैशाली खो खो हसली. तेवढ्यात मागे बघते तर इरा सोफ्यावर, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी अशू आली. इरानं दारातच सांगितलं, "मॉम, मावशी इज नॉट वेल. शी हॅज स्टमक पेन. सिन्स शी केम इन अवर हाउस. अँड इट गेट्स वर्स व्हेन यू टॉक अबाउट डॉक्टर लिन."

मी जागच्या जागी थिजले. आता तुम्हीच सांगा, दुबईत वाढलेल्या पोरीला कसं समजवायचं की मराठी माणसाच्या पोटात दुखतं तेव्हा त्याच्या पोटाला काहीही झालेलं नसतं! अशूनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "अरे बापरे," ती म्हणाली, "मग उद्याच लिनकडे नेते तुला. अशा दुखण्यावर तिचा हात फार चांगला आहे." तिनं तिथल्या तिथे अपॉइंटमेंट घेतली. तिला कळलंय की नाही ह्याचा मी जेवताना अंदाज घेत होते. ती शांतपणे इराला भाजी वाढत होती.

मी नाही म्हणू शकत होते. पण त्या बाईला जवळून बघायची संधी आयती चालून आली होती. शिवाय पोटात दुखत नाही म्हणायचं तर मग काय दुखतं ते सांगावं लागलं असतं.

क्लिनिक जुमेऱ्यातल्या एका बंगल्यात आहे. जेएलटीहून मेट्रो आणि मग टॅक्सी असं जाता येतं. मेट्रोत बायकामुलांचा डबा वेगळा असतो, फरशीवरची गुलाबी पट्टी बघून चढा. आम्ही अशूच्या गाडीनं गेलो. मी पुन्हा ब्रेक दाबत होते. ती म्हणाली, "ताई, पाय खाली ठेव ना." बाहेर बोगनवेल, आत पांढऱ्या भिंती आणि धूप आणि सुंठ एकत्र कुटल्यासारखा वास. भिंतीवर सरकारी आरोग्य खात्याचं लायसन्स लावलेलं. तुम्ही कुठे गेलात तर ते आधी बघा, आणि आपल्या गोळ्या कुठल्या चालू आहेत ते सांगा. अशूनंही आधी हॉस्पिटलात हृदयाच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, मगच इकडे वळली. पहिल्या भेटीचे चारशे दिरहम. आपले नऊ हजारांच्या वर. एवढ्यात मी दोन माणसांना रिव्हर्ससकट गाडी शिकवते!

आणि लिन आली. माझ्या डोक्यात कोणीतरी उंच, गूढ, रेशमी कपड्यातली बाई होती. ही बुटकी, पन्नाशीची, पायात साधे रबरी बूट, केसांना चिमटा. मला बघताच तिचा चेहरा फुलला. "ताई!" ती म्हणाली. "यू आर ताई! आय नो ताई!"

माझ्या नावानं नाही, ताई म्हणून! हा शब्द मी जगात एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, आणि तो ह्या बाईच्या तोंडात. शिवाय "आय नो ताई" म्हणजे काय? काय ठाऊक आहे हिला?

तिनं माझं मनगट एका छोट्या उशीवर ठेवलं, तीन बोटं नाडीवर टेकवली आणि डोळे मिटले. आपल्या वैद्यांसारखंच, पण फार वेळ. मग दुसरं मनगट. मग जीभ बघितली, अगदी वाकून, दोन्ही कडांनी. झोप कशी, तहान लागते का, पाय गार असतात का, घशात काही अडकल्यासारखं वाटतं का. हे शेवटचं तिनं विचारलं आणि मी हो म्हणून मान हलवली. वाटतं, पण कोणी कधी विचारलं नव्हतं.

"प्रॉब्लेम?" तिनं विचारलं.

अशू म्हणाली, "स्टमक पेन." मग माझ्याकडे वळून अत्यंत गोड मराठीत, "कधीपासून गं ताई? माझं घर बघितल्यापासून ना?"

आली का पंचाईत! सगळं कळलेलं होतं तिला. कानशिलं तापली माझी. मी तिच्या मांडीला जोरात चिमटा काढला, ती फिसकन हसली, आणि लिन आमच्या दोघींकडे बघत राहिली. मग तिनं माझ्या पोटावर डाव्या बाजूला, बरगडीखाली, बोट ठेवलं. "स्प्लीन," ती म्हणाली. "टू मच थिंकिंग. थिंकिंग, थिंकिंग, अदर पीपल. ऑल सिट हिअर."

"स्प्लीन म्हणजे पाणथरी," अशू म्हणाली. "त्यांच्याकडे असं मानतात की रागाचं घर लिव्हरमध्ये, भीतीचं किडनीत आणि काळजीचं पाणथरीत. फार विचार करणाऱ्याची पाणथरी थकते."

घ्या! मी चुकीच्या दुखण्यासाठी आले आणि बाईनं बरोबर जागा दाबली, ह्याचाच मला जास्त राग आला.

सुयांबद्दल लोक विचारतात. केसाएवढ्या बारीक असतात. टोचताना मुंगी चावल्यासारखं, मग त्या जागी जडपणा. दोन भुवयांच्या मध्ये एक, मनगटाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात. प्रत्येक सुईला लिन हिंदीत म्हणत होती, "आराम से, टेन्शन नहीं लेने का." इथले पेशंट बघून शिकलेली असणार. मग दिवा मंद करून ती गेली. मी मनाशी म्हणत होते की थोतांड आहे सगळं, आणि ते म्हणता म्हणता झोपले. घोरत होते म्हणे. उठले तेव्हा खांदे कानापासून बरेच खाली आले होते. बरं वाटलं. हे लिहितानाही माझ्या जिवावर येतंय, पण वाटलं. जाताना तिनं कानाच्या वरच्या भागात आतल्या बाजूला मोहरीएवढ्या बियांच्या चिकटपट्ट्या लावल्या. जीव घाबरला की त्या दाबायच्या.

तिथून आम्ही समुद्रावर गेलो. दुबईत एक मजा आहे. चहाच्या दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा, चहा गाडीत येतो. दोन करक मागवले, वेलदोड्याचा घट्ट चहा. मी पहिला घोट घेतला आणि विचारलं, "काय सांगितलंयस तू तिला माझ्याबद्दल?"

"काही नाही गं."

"आय नो ताई म्हणाली ती."

अशूनं चहाचा कप डॅशबोर्डवर ठेवला. मग म्हणाली, "राग येईल तुला."

"आलेलाच आहे. बोल."

"ताई, तुझ्या गाडीत तुझ्या पायाखालीपण एक ब्रेक असतो ना? शिकणारा चालवत असतो, पण तू कधीही दाबू शकतेस. तसं व्हायचं मला. मी घाबरले की तुला फोन करायचे. मला जरा बरं वाटायचं आणि तू घाबरायचीस. मग तू दिवसभर फोन. जेवलीस का, झोपलीस का, आता कसं वाटतंय. भावोजी मला मेसेज करायचे की ताईचं बीपी वाढलंय, तिला जरा बरं वाटतंय म्हणून सांग. मग छातीत धडधडत असताना मी तुला हसून सांगायचे, मी मस्त आहे. घाबरायचं ते घाबरायचंच, वर तुझी समजूत काढायची. दमले मी."

ह्यांनी मेसेज केले होते, हे मला ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावर त्यांची वेगळी खरडपट्टी काढायची ठरवलं. पण ते नंतर.

"आणि ती लिन?" मी म्हणाले. "ती नाही घाबरत?"

"तिला काय पडलंय माझं? ती नाडी बघते, सुया लावते, पुढचा पेशंट घेते. म्हणूनच बरं वाटतं. तिच्यासमोर मी कितीही घाबरले तरी तिचं काही बिघडत नाही."

"म्हणजे जीव लावणाऱ्यापेक्षा पैसे घेणारी बरी!"

"असं नाही म्हटलं मी."

"असंच म्हटलंस!" मी ओरडले. शेजारच्या गाडीतल्या माणसानं काच वर केली. मला रडू येत होतं आणि ते दाबायला मी कानातली बी दाबली, जोरात, आणि दुखलं. अशूनं माझा हात कानावरून काढून आपल्या हातात घेतला. चहा गार झाला. मला लिनचा हेवा वाटतच होता, आता तर जास्तच. माझ्या बहिणीसमोर बसून न घाबरणं ही एक गोष्ट मला कधी जमली नव्हती, आणि ती त्या बाईला फुकट जमत होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिघी ड्रॅगन मार्टला गेलो. चिनी वस्तूंचं हे मार्केट एवढं लांबलचक आहे की चांगले बूट घालून जा. गाडी कुठल्या गेटला लावली ते फोटो काढून ठेवा. घासाघीस चालते, पण "खलास, लास्ट प्राइस" म्हणाले की थांबा. एका दुकानात काचेच्या बरण्यांत मुळ्या, साली, वाळलेली फुलं. अशू नेहमीची पुडी घेत होती, जीव शांत करणाऱ्या काढ्याची. दुकानदारानं कागदावर ओतली आणि मी वाकून बघितलं.

"अशू, हे गहू आहेत."

"हो."

"हे ज्येष्ठमध आहे. आणि ही तर बोरं! वाळवलेली बोरं!"

"चिनी बोरं आहेत ती, मोठी असतात."

"वीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात गहू, बोरं आणि ज्येष्ठमध आहे! आणि तू इथे दिरहम मोजून घेतेस?"

इरा म्हणाली, "मावशी, इज योर स्टमक हर्टिंग अगेन?"

दुकानातच अशू हसून हसून खाली बसली. मग मीही हसले, इलाजच नव्हता. इराला मग मी तो वाक्प्रचार नीट समजावून सांगितला. तिनं विचार केला आणि म्हणाली, "सो यू वेअर जेलस? ऑफ अ डॉक्टर?" मी म्हणाले, "हो." इतकं सोपं होतं ते म्हणायला. मी शेवंतीच्या वाळक्या फुलांचा चहा घेतला, पंधरा दिरहम, साडेतीनशे रुपये. काढा मात्र नाही, कारण लिननं बीपी ऐकून मला ज्येष्ठमध घ्यायला मनाई केली होती. माझ्याच घरातलं ज्येष्ठमध मलाच बंद करून टाकलं बाईनं!

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. तुम्ही विचाराल, फरक पडला का, जावं का. माझ्यापुरतं सांगते. सुयांनंतर काही रात्री गाढ झोप लागली, मग पुन्हा जैसे थे. नेमानं घेणाऱ्याला जास्त गुण येत असेल, अशूला आलाच आहे. कानातल्या बिया अंघोळीत निघून गेल्या. शेवंतीचा चहा ह्यांना आवडला, मला गवतासारखा लागला. ह्यांची खरडपट्टी काढली. ते म्हणाले, "मी काय करणार होतो, तू रात्रभर चकरा मारायचीस." अशूला मी आल्यापासून फोन केला नव्हता. करायचाच नाही असं ठरवून. दिवसातून कितीदा तरी हात फोनकडे जायचा आणि मी तो गाडीच्या किल्लीकडे न्यायची.

काल दुपारी एका बाईंना चढावर हाफ क्लच शिकवत होते, तेव्हा फोन वाजला. अशू. गाडी बाजूला घ्यायला लावली, फोन उचलला आणि म्हणाले, "काय झालं गं?"

"काही नाही."

"घाबरली आहेस का?"

"नाही गं ताई. सहज केला."

मग ती ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं लग्न मोडल्याचं सांगत बसली, इरानं केस कापल्याचं सांगितलं, थालीपिठात कांदा बारीक चिरायचा की किसायचा ते विचारलं. मी चिरायचा म्हणून सांगितलं. ड्रायव्हिंग सीटवरच्या बाई ताटकळल्या होत्या. अशूला घाबरायला नव्हतं झालं, काही अडलं नव्हतं, आणि तरी तिनं मला फोन केला होता. आमच्या इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

असा सहज फोन अशूनं लिनला करून दाखवावा! तिथे आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते.